दाराला आतून लागलेला मार

माझे दात अजून शाबूत आहेत. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

माझ्या सुनेचं माहेर राधानगरीच्या वाटेवरच्या एका खेड्यात आहे. तिची आई तिथं अंथरुणावर असते. मांडीचं हाड मोडल्यापासून ती उठलेली नाही, आणि घरच्या सुनेच्या हातचं धड खात नाही. लेक गेली की दोन घास जातात. म्हणून आमच्या उचगावातून माझी सून दर आठवड्याला दोन-तीनदा तिकडं जाते. एसटीनं जायचं म्हणजे आधी स्टँडवर पोचायचं, मग गाडीची वाट बघायची, आणि फाट्यावर उतरून चालायचं. त्यात सगळा दिवस जातो. म्हणून चाळिशी उलटल्यावर ती मोटार शिकली. नवऱ्याकडून शिकली नाही, क्लास लावला. नवऱ्याकडून गाडी शिकायला गेलेल्या बायका मी पाहिल्यात, त्या एक तर गाडी सोडतात नाही तर बोलणं.

मी तिच्याबरोबर जाते. व्याहीणबाई आणि मी एका वयाच्या. आमचं पटत नाही. पण भांडायलाही बरोबरीचं माणूस लागतं, आणि माझ्या बरोबरीची बरीचशी गेली. व्याहीणबाईंचे दात कधीच पडले. हंगामात मी त्यांच्या खाटेपाशी बसून दातानं ऊस सोलून खाते आणि त्या मला शिव्या घालतात. दोघींचाही वेळ बरा जातो.

आता ऊस आमच्याकडे विकत कोण घेतो? हंगाम सुरू झाला की रस्त्यानं ट्रॅक्टर चालू होतात, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर ऊस दुमजली घराएवढा. असली ट्रॉली कुठं थांबली की जाणारा-येणारा एखादा ऊस ओढून घेतो. ट्रॅक्टरवाला बघून न बघितल्यासारखं करतो. एका उसाला कुणी चोरी म्हणत नाही. मोळी ओढली तर मात्र तो खाली उतरतो.

त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा वाटेतल्या पुलाआधी, चढावर, रांग थांबलेली होती. आमच्या पुढं उसाची ट्रॉली. सुनेनं गाडी मागं थांबवली. मधे म्हैस आडवी उभी राहील एवढी जागा सोडली होती. पुढं काहीतरी अडलं होतं, रांग हलत नव्हती. ट्रॉलीच्या डाव्या अंगाला एक चांगला जाड ऊस बाहेर आला होता. मी दार उघडून उतरले. दार लावलं नाही, लगेच परत बसायचं होतं. ऊस ओढला, तो मधेच अडकला. दोन्ही हात लावले.

तेवढ्यात रांग हलली. चढावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सुटतो तेव्हा आधी थोडा मागं येतो. म्हणून ट्रॉलीच्या चाकामागं दगड लावायला एक माणूस ठेवतात. त्या दिवशी तो माणूस नव्हता. ट्रॉली माझ्या डोळ्यांदेखत मागं आली आणि आमच्या गाडीच्या तोंडावर बसली. गाडी हातभर मागं सरकली. माझं उघडं दार मागं रस्त्याच्या कडेच्या चुना लावलेल्या दगडात अडकलं आणि बिजागरीतून पुढं वाकलं. कडकन आवाज आला. ऊस माझ्या हातात आला तो त्याच धक्क्यानं.

ट्रॅक्टरवाला उडी मारून आला.

"आज्जी, लागलं काय?"

"मला न्हाय. गाडीला लागलंय, तिला इचार."

त्यानं गाडीचं तोंड बघितलं, दार बघितलं, डोक्यावरची टोपी काढून परत घातली. मागं हॉर्न वाजत होते. थांबला असता तर साखर कारखान्यावरच्या रांगेतला त्याचा नंबर गेला असता. त्यानं ट्रॉलीतले कवेत मावतील तेवढे ऊस उपसले आणि आमच्या मागच्या सीटवर ठेवले. मनात काही ठेवू नका म्हणाला आणि गेला. आम्हीही ट्रॅक्टरचा नंबर घेतला नाही, त्याचं नाव विचारलं नाही. त्यानं ऊस दिले, आम्ही घेतले, म्हणजे रस्त्यावरचं भांडण तिथं संपलं. आमच्याकडे ते तसंच संपतं. दार दोरीनं बांधून आम्ही पुढं गेलो, आणि ते ऊस मी व्याहीणबाईंसमोर बसून खाल्ले. पुढं लेक म्हणाला की आई, तू पुरावा खाल्लास. ते खरंच होतं.

माझा लेक हायस्कूलचा हेडमास्तर आहे. दर हंगामात तो प्रार्थनेच्या वेळी पोरांना बजावतो की ट्रॉलीतला ऊस ओढायचा नाही, चाकाखाली जाल. ते बरोबरच आहे, पोरं चालत्या ट्रॉलीमागं पळतात. पण त्याच हेडमास्तरची आई ट्रॉलीतला ऊस ओढत असताना गाडी ठोकली गेली, हे विमा कंपनीच्या कागदावर जावं असं त्याला वाटलं नाही. सून त्याच्याच बाजूची झाली. तिला माझी लाज राखायची होती. मला लाज वाटत नव्हती, पण मला कुणी विचारलं नाही. दोघांनी बसून लिहिलं की आम्ही दोघी गाडीत बसलो होतो, गाडी उभी होती आणि पुढची ट्रॉली मागं येऊन धडकली. मी म्हटलं, मग दार कशानं मोडलं? लेक म्हणाला, धडकेनं मोडलं, एवढ्या खोलात कोण जातंय.

कंपनी खोलात गेली. तपासायला पाठवलेला माणूस गॅरेजात येऊन फोटो काढून गेला म्हणे. आमच्यापैकी कुणाशी बोलला नाही. मग पत्र आलं. लेकानं वाचून दाखवलं. आमच्या गाडीनं पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवलं नाही आणि ती जाऊन त्याच्यावर मागून आदळली. चूक चालकाची. बॉनेट आणि बंपर मंजूर. दाराचं नुकसान या अपघाताशी जुळत नाही, ते जुनं असावं, म्हणून नामंजूर.

लेकानं पत्राची घडी घातली. "मागच्याचीच चूक धरतात. सगळीकडं तसंच असतंय."

सून म्हणाली, "मी उभी होते."

"आता त्यांनी लिहिलंय."

एवढंच बोलणं झालं. पण नवं दार बसवून गाडी गॅरेजातून घरी आली, तेव्हा किल्ली खुंटीवर न जाता त्याच्या खिशात गेली. रविवारी मी नेतो म्हणाला. रविवारी त्याला शाळेच्या मीटिंगा निघाल्या. सून एसटीनं जायला लागली. जाऊन येईपर्यंत दिवस मावळायचा, आणि आठवड्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. व्याहीणबाई जेवत नाहीत असे तिकडून फोन यायला लागले.

मला एका गोष्टीचं नवल वाटत होतं. ज्या माणसानं काही बघितलं नाही, त्यानं लिहिलं की गाडी आदळली. ते वाचून माझ्या लेकाला ते पटलं, त्यानंही काही बघितलं नव्हतं. ठीक आहे, न बघितलेल्यांचं एकमेकांत पटतं. पण मग एक दिवस भाकऱ्या थापताना सून मधेच थांबली.

"आत्ती, माझा पाय ब्रेकवरनं सुटला तर नव्हता? जरा पुढं गेली असंल गाडी."

ती स्वतः गाडीत होती. पाय तिचा होता. तिनं काचेतून ट्रॉली मागं येताना बघितली होती आणि हॉर्न दाबला होता, तो मी ऐकला होता. आणि आता ती मला विचारत होती. एका कागदानं बाईच्या डोळ्यांनी पाहिलेलं पुसून टाकलं, ते कसं? मी त्या गोष्टीचा बराच विचार केला. मारकुटा माणूस बाईला तसं करू शकतो हे मी पाहिलंय, पण त्याला वर्षं लागतात. इथं दोन ओळी पुरल्या.

मी तिला म्हटलं, भाकरी करपतीय. आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गॅरेजात गेले. मला ते दार बघायचं होतं.

काढलेलं दार अजून कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. मी त्याच्यापुढं उकिडवी बसले. बाहेरच्या बाजूला ओरखडासुद्धा नव्हता, रंग होता तसा. आतल्या बाजूला, हात ठेवतात त्याच्या खाली, खोक पडली होती आणि खोकेत पांढरं काहीतरी भरलं होतं. नखानं खरवडून बघितलं. चुना. बिजागरी पुढच्या अंगाला वाकलेली, दार जेवढं उघडतं त्याच्याही पुढं. मी सुनेला बोलावलं आणि नख दाखवलं.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "दगडाचा."

"व्हय. आणि दगड आपल्या मागं हुता. गाडी पुढं गेली असती तर दार दगडापासनं लांब गेलं असतं."

तिचं तोंड तेव्हा जरा सरळ झालं. पण लगेच म्हणाली की हे सांगायचं तर दार उघडं होतं हे सांगावं लागेल, आणि दार उघडं का होतं हे पण. आणि आधी आम्ही दोघी आत बसलो होतो असं लिहून दिलंय. खोटं लिहिलं म्हणून कंपनी सगळंच नाकारेल. नवऱ्याला काय सांगायचं?

मी म्हटलं, "नवऱ्याला मागनं सांगू. आधी कंपनीला सांगू."

पुढच्या वेळी तिच्या माहेरी जाताना आम्ही एसटीतून त्या पुलापाशीच उतरलो. दगड तिथंच होता, जाणार कुठं. चुना एका जागी उडालेला आणि त्यात आमच्या दाराच्या आतल्या प्लास्टिकचा राखाडी रंग. सुनेनं मोबाइलवर फोटो काढले. मी चढावरून जाणाऱ्या ट्रॉल्या बघत बसले. जी थांबून सुटली ती आधी मागं आली. प्रत्येक वेळी. एक ऊस ओढावा असंही मनात आलं, पण सून माझ्याकडेच बघत होती.

कंपनीचं ऑफिस शहरात, दुकानांच्या वरच्या मजल्यावर आहे. आत गार हवा आणि कुणाला काही घाई नाही. आम्हाला एका तरुण बाईपुढं बसवलं. कोल्हापूरची नव्हती, बोलण्यावरून विदर्भाकडची वाटली. तिनं कॉम्प्युटरवर आमचं प्रकरण काढलं आणि गोड बोलून समजावलं की आजी, तुमचे पैसे अडलेले नाहीत, बॉनेट-बंपरचे मिळतील. गाडी तुमची, विमा तुमचा. चूक कुणाचीही असली तरी ते पैसे मिळतातच.

"चूक कुणाची बी असू दे, पैसं तेवढंच?"

"हो, तेवढेच."

"मग चूक लिहिली कशाला?"

टोमणा म्हणून मी विचारलं नव्हतं, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनंही विचार केला, हे मला आवडलं. मग म्हणाली की कारणाचा रकाना असतो, तो भरावा लागतो. फोटोत पुढचा भाग चेपलेला दिसतो, म्हणजे गाडी मागून आदळली असं बहुतेक वेळा असतं. म्हणून तसं लिहितात.

"बहुतेक वेळा असतंय म्हणून या वेळी बी?"

"तपासणाऱ्याला तसं वाटलं."

मी तिच्या मागच्या लोखंडी कपाटाकडं बोट दाखवलं. म्हटलं, ते कपाट लावलेलंच असू दे, आणि त्याच्या दाराला आतून खोक पाडून दाखवा. तिला कळेना. सुनेनं मोबाइल पुढं केला. आतली खोक, चुना, पुढं वाकलेली बिजागरी, दगड. ती एकेक फोटो मोठा करून बघत होती.

मी म्हटलं, "तुमच्या माणसानं लिवलंय दार बंद हुतं. बंद दाराला आतनं मार लागला, म्हंजे आत बसून मी काय लाथा मारत हुते?"

पलीकडच्या टेबलावरचा माणूस खोकल्याचं निमित्त करून हसला. बाई मात्र हसली नाही. तिनं आमचं लिहून दिलेलं काढलं आणि म्हणाली, दार बंद होतं हे आमच्या माणसानं लिहिलेलं नाही, तुम्हीच लिहिलंय. दोघी आत बसलो होतो, दारं बंद होती, असं.

हे मला माहीत नव्हतं. दारं बंद होती असंसुद्धा लेकानं लिहून ठेवलं होतं. मग त्या तपासणाऱ्याला तरी काय म्हणायचं? आमचं खोटं धरून तो हिशेबानं चालला होता. दार बंद, मग मोडलं कसं? म्हणजे जुनं. जुनं मोडलेलं दार नव्या अपघातात घुसवणारी माणसं, म्हणजे गाडी उभी होती हेही खोटं. मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. तिथं बसल्या बसल्या मला त्या न पाहिलेल्या माणसाचं डोकं पहिल्यांदा कळलं.

सून खाली बघत होती. मी सांगून टाकलं. दार उघडं होतं, मी बाहेर होते, ट्रॉलीतला ऊस ओढत होते.

बाईनं विचारलं, "म्हणजे चोरत होता?"

"चोरत न्हाय. एकच हुता."

पलीकडचा खोकणारा माणूस आता उघडच बोलला, "मॅडम, इथं सगळेच ओढतात. मी सकाळीच ओढलाय."

तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, आमच्याकडे हरभऱ्याच्या शेतातून जाताना डहाळा उपटतात, तसं का? मी म्हटलं तसंच, आणि शेतकरी काय म्हणतो? ती म्हणाली, जास्त उपटला तर दगड मारतो. मग आमचं जमलं. पण लगेच ती परत कंपनीची झाली. नीट सांगितलं तिनं, फसवलं नाही. आधी एक लिहून दिलं, आता दुसरं सांगताय. मी हे वर पाठवलं तर ते फेरतपासणी करतील किंवा खोटी माहिती दिली म्हणून सगळा क्लेम रद्द करतील, बॉनेट-बंपरसकट. पाठवू का?

आता सुनेनं बोलायचं होतं. गाडी तिच्या नवऱ्याच्या नावावर, सही नवऱ्याची, चूक तिच्या नावावर. हे तिचं होतं.

तिनं मोबाइल पिशवीत ठेवला. म्हणाली, "पाठवा. पैसं देऊ नका वाटल्यास. पण मी उभी हुते, ते लिवा."

घरी आल्यावर लेकाला सांगितलं. तो चिडला. तुम्ही मला खोटं पाडलंत म्हणाला. मी म्हटलं, पाडायला उभं कुठं होतं ते. दोन दिवस तो माझ्याशी तुटक बोलला. तो तुटक बोलतो तेव्हा शुद्ध बोलतो, त्यावरून कळतं.

या वेळी कंपनीकडून दुसरा माणूस आला. तो आमच्याकडे घरी आला, चहा घेतला, मग पुलावर जाऊन आला. मला विचारलं की ऊस कुठल्या हातानं धरला होता. मी सांगितलं दोन्ही. त्यानं ते लिहून घेतलं. कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

पत्र यायला वेळ लागला. आलं त्या दिवशी लेकानं ते आधी मनात वाचलं, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं की मला वाटलं गेलं सगळं. मग मोठ्यानं वाचलं. विमाधारकाचं वाहन थांबलेलं होतं. पुढचं वाहन मागं घसरून त्यावर आदळलं. चालकाची चूक आढळत नाही.

सुनेनं पीठ मळणं थांबवलं नाही, पण हात हळू झाला.

"पुढं हाय अजून," लेक म्हणाला. दाराचं नुकसान याच अपघातातलं आहे, पण वाहनातील प्रवाशानं वाहत्या रस्त्यावर निष्काळजीपणानं दार उघडं टाकलं, म्हणून दाराची रक्कम अर्धीच मंजूर. प्रवासी म्हणजे मी.

तर चूक गेली नाही, फक्त हलली. कुणावर तरी ती बसवल्याशिवाय त्यांचं पत्र पुरं होत नाही असं दिसतं. सुनेवरून उठली आणि माझ्यावर बसली. माझी हरकत नाही. दार मी उघडं टाकलं होतं, ते मला आठवतंय, आणि मला कुणी कागद दाखवून ते विसरायला लावू शकत नाही.

लेकानं खिशातून किल्ली काढून खुंटीवर अडकवली. पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी त्यानं पोरांना गावातल्या एका म्हातारीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. दुपारी चार पोरं माझ्या दारात येऊन विचारून गेली, आज्जी, ऊस गोड होता का?

आम्ही गेलो तेव्हा व्याहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, लेकीच्या हातचा भात संपवला, आणि मला म्हणाल्या, "बरं झालं मला दात न्हाईत. न्हाईतर माझ्या बी मागं कंपनी लागली असती." त्या दिवशी माझ्याकडे ऊस नव्हता, म्हणून त्यांचंच वर झालं.

येताना पुलाच्या चढावर परत रांग थांबली होती. पुढं ट्रॉली, हिरवागार ऊस, शेंड्याच्या पानांचं वाडं खाली लोंबत असलेलं. सुनेनं गाडी थांबवली. दोन म्हशी उभ्या राहतील एवढी जागा सोडली, मग हँडब्रेक ओढला. मी काही केलं नव्हतं, हात मांडीवरच होते.

"उतरायचं न्हाय, आत्ती," ती म्हणाली, आणि तिच्या बाजूचं बटण दाबलं. चारी दारं एकदम लॉक झाली.